बावीस सेकंदांनंतर

जिथे असाल तिथेच बसा. ओटीवर, खुर्चीत, एसटीच्या खिडकीशी, कुठेही चालेल. मनन म्हटलं की लोक आधी आसन शोधायला लागतात आणि निम्मा वेळ त्यातच जातो. पाठ ताठ हवी, डोळे मिटलेले हवेत, असं काही नाही. आपल्याला फक्त एका पोहणाऱ्या माणसाचा विचार करायचा आहे, आणि तो सावकाश करायचा आहे.

मनात धरायला एक जागा सुचवतो. रत्नागिरी शहरातून पावसच्या रस्त्याला लागलं की भाट्याच्या खाडीवरचा पूल येतो. पूल ओलांडला की उजव्या हाताला सुरूचं बन आणि बनाच्या पुढे लांबच लांब सरळ पुळण. काजळी नदी इथंच समुद्राला मिळते. पलीकडे मांडवीचा धक्का दिसतो, त्याच्याही मागे रत्नदुर्गाचा डोंगर. वेळ सुकतीची घ्या. पाणी मागे गेलेलं आहे आणि ओल्या वाळूवर खेकड्यांनी केलेली गोळ्यांची नक्षी आहे. उद्याची सुकती आजच्यापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येईल, परवाची आणखी उशिरा. समुद्राचं वेळापत्रक असतं, पण ते कालच्या वेळापत्रकाशी स्पर्धा करत नाही. तुमचा श्वास जसा चाललाय तसा चालू द्या.

आता एक करा. मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू करा आणि डोळे मिटा. बावीस सेकंद झाले असं वाटलं की उघडा. श्वास रोखू नका, तशी काही अट नाही.

बहुधा लवकर उघडले असतील. बावीस सेकंद म्हणजे काहीच नाही असं ऐकताना वाटतं. रिकामे बसून काढायला लागले की ते लांबतात. दाराची बेल वाजल्यावर उठून, चप्पल शोधून, कडी काढेपर्यंत एवढा वेळ जातो. तेवढ्याच वेळात चांगला पोहणारा पन्नास मीटर जातो. ठोकळ्यावरून सूर, मग पाण्याखाली नुसत्या पायांच्या लाटा, पंधरा मीटरच्या आत डोकं वर यायलाच हवं असा नियम, आणि मग फक्त हात. पन्नास मीटरमध्ये मान वळवून श्वास घेतला की वेग जातो, म्हणून बरेच जण एखादाच घेतात, काही तोही घेत नाहीत. खाली तळाला एक काळी पट्टी असते. भिंतीच्या दोन मीटर अलीकडे ती आडव्या रेघेनं संपते. पोहणाऱ्याचं अर्धं आयुष्य त्या पट्टीकडे बघण्यात जातं. प्रेक्षकांना निळं पाणी दिसतं, त्याला काळी रेघ.

त्या रेघेवर थोडा वेळ थांबा. तिच्याकडे बघत रोज कित्येक किलोमीटर जाणारा, बोलायला कुणी नसलेला, कानात पाणी असलेला एक मुलगा डोळ्यांसमोर आणा.

मुलगा कोल्हापूरचा आहे. कोल्हापूर हे तालमींचं गाव. खासबाग, लाल माती, खुराकाचं दूध, आणि मल्ल रस्त्यानं चालला की मागे वळून बघणारी पेठ. तिथं एका घरातला मुलगा मातीऐवजी पाण्यात गेला. वीरधवल खाडे, जन्म २९ ऑगस्ट १९९१. २००८च्या ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या तलावात तो उतरला तेव्हा त्याला सतरावं पूर्ण व्हायचं होतं. भारताकडून तिथं आणखी तिघे पोहत होते: संदीप सेजवाल, रेहान पोंचा, अंकुर पोसेरिया. वीरधवलच्या वाट्याला फ्रीस्टाइलच्या तीन शर्यती होत्या, ५०, १०० आणि २०० मीटर. १०० मीटरला तो आपल्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीतल्या आपल्या गटात, पहिला आला. वेळ ५०.०७ सेकंद. सगळ्या हीट्सची यादी एकत्र लागली तेव्हा त्याचा क्रमांक ४२वा होता.

एकाच शर्यतीत पहिला आणि बेचाळिसावा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि घाई न करता त्यांच्याकडे बघा. कुठलाही खोटा नाही. भिंतीला हात लावून त्यानं डोकं वर काढलं असेल तेव्हा शेजारच्या सातही रांगांत त्याच्या आधी कुणी नव्हतं. ते पहिलेपण खरंच होतं. आणि जगात त्या दिवशी एकेचाळीस जण त्याच्याहून वेगात गेले, हेही खरं. सोळा वर्षांच्या मुलानं यातला कुठला आकडा खिशात घेऊन घरी यायचं? बाकीच्यांचं ठरलेलं असतं. गावाला पहिला आकडा हवा असतो, फलकावर तोच रंगतो. प्रशिक्षकाला दुसरा हवा असतो, कारण पुढचं काम त्यातून निघतं.

त्याच तलावात, त्याच आठवड्यांत, मायकेल फेल्प्सनं आठ सुवर्णपदकं घेतली. त्यातलं सातवं १०० मीटर बटरफ्लायचं. फेल्प्स ५०.५८, सर्बियाचा मिलोराद चाविच ५०.५९. हा एक शतांश सेकंद ध्यानात ठेवा. तो पुढे आपल्याला लागणार आहे.

नंतरची दोन-तीन वर्षं भराभर गेली, आपणही भराभर जाऊ. २००८मध्येच पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तिथं त्याला सुवर्णपदकं मिळाली. २०१०ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला २४.३१ सेकंद आणि कांस्य. हे पदक लहान समजू नका. त्याआधी जलतरणात भारताला आशियाई पदक मिळालं होतं ते १९८६मध्ये सोलला, खजान सिंग यांना २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य. मध्ये चोवीस वर्षं कोरडी. २०११ला वीरधवलला अर्जुन पुरस्कार मिळाला. वय वीस.

इथं त्याला जरा बाजूला ठेवू आणि तुमच्याकडे वळू.

तुमच्या आयुष्यातली पहिली मोठी शाबासकी आठवा. वक्तृत्व स्पर्धेतली ढाल असेल, शिष्यवृत्तीचा निकाल असेल, कुणी मोठ्या माणसानं चार लोकांत पाठीवर ठेवलेला हात असेल. ती जागा आठवा, त्या दिवशी अंगात कुठले कपडे होते ते आठवा. त्या क्षणाची ऊब अजून थोडी शिल्लक असेल, ती घ्या. त्यात काही वाईट नाही. आता स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका. ज्या गोष्टीसाठी ती शाबासकी मिळाली, तिच्या जवळ तुम्ही त्यानंतर गेलात की तिच्यापासून लांब?

आपल्याकडे हे फार घडतं. शाळेत जीव तोडून शिकवणाऱ्या बाई असतात. त्यांचं नाव होतं, म्हणून त्यांना मुख्याध्यापक करतात. मग त्या माहितीचे तक्ते भरतात, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवतात, बैठकांना तालुक्याला जातात, आणि वर्गात दिसेनाशा होतात. कुणाच्याही मनात वाईट नसतं. बक्षीसच दिलेलं असतं.

वीरधवलला महाराष्ट्र सरकारनं तहसीलदार केलं. या ओळीवर नाक मुरडायच्या आधी जरा थांबा. आपल्या घरांमध्ये तहसीलदार हा शब्द उच्चारला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पोरं वर्षानुवर्षं पुण्यात खोल्या घेऊन, डबे खाऊन त्या पदासाठी अभ्यास करतात. पोहण्यात पैसा नाही, खांदा एकदा गेला की गेला, आणि पंचविशीनंतर विचारणारं कुणी नसतं. अशा वेळी हातात आलेलं पद कोण नाकारील? मी नाकारलं नसतं. तुम्हीही नसतं.

त्याला काही काळ मालवणची नेमणूक मिळाली. मालवण आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातलंच होतं; भाट्याच्या पुळणीवरून दक्षिणेला तोंड करून बसलात तर मनानं तिथवर जाता येईल. समुद्र हाच. किल्ला पाण्यात. चिवल्याच्या किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धाही भरतात, आणि लहान लहान पोरं त्यात किलोमीटरच्या किलोमीटर पोहून जातात. चहूकडे पाणी, आणि ५० मीटरच्या शर्यतीला लागतं ते पाणी मात्र नाही. त्याला मोजलेला तलाव हवा, स्थिर पाणी हवं, ठोकळा हवा, हात लावायला भिंत हवी आणि घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस हवा. समुद्रात दम वाढतो; शतांश सेकंद तिथं कमी करता येत नाही.

आता तहसीलदाराच्या टेबलापाशी बसा. त्याच्या जागी स्वतःला बसवा, म्हणजे कळेल.

जून महिना आहे. बाहेर पाऊस धरलेला, व्हरांड्यात छत्र्या गळतायत, आणि दाखल्यांची रांग लागली आहे, कारण कॉलेजांचे प्रवेश सुरू झालेत. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा. एक आजोबा सातबारा घेऊन आलेत. त्यावर पस्तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईला, काही वारलेली आणि वारसनोंद झालेली नाही. त्यांना एवढंच हवंय की कलमाच्या चार झाडांखालची जमीन नावावर व्हावी. फोन वाजतो, कुठेतरी घरावर माड पडलाय, पंचनामा हवा. दुपारी निवडणुकीची बैठक. रात्री खाडीत चोरून वाळू उपसतायत अशी खबर, गाडी काढून जायला हवं. हे काम खोटं नाही. त्या आजोबांच्या दृष्टीनं तर ऑलिंपिकपेक्षा ते कितीतरी खरं आहे. आणि समोरचा साहेब कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. सही झाली की झालं.

या खुर्चीत बसून शरीराकडे लक्ष न्या. खांदे कुठे आहेत बघा. पोहणाऱ्याचे खांदे दिवसाला हजारो हात मारायला घडवलेले असतात, पोट तितकं अन्न जाळायला सरावलेलं असतं. हात थांबतात, भूक थांबत नाही. वजन वाढतं. त्याचंही वाढलं. पोहणारे सांगतात की आठवडाभर पाण्याबाहेर राहिलं तरी हाताला पाणी लागेनासं होतं, पकड निसटते, आपण पाणी मागे ढकलतोय की नुसतं ढवळतोय ते कळत नाही. आठवड्यांचे महिने झाल्यावर काय होत असेल, याचा अंदाज करत बसा. त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही. पण खुर्ची तुम्हाला माहीत आहे. आपल्यातला प्रत्येक जण कधी ना कधी अशा चांगल्या खुर्चीत बसलेला असतो, जिथून आपलं पाणी दिसतं आणि उठता येत नाही.

२०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारताला जलतरणात कांस्य मिळालं. ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, संदीप सेजवाल. बीजिंगच्या त्या चौघांतला एक. बातमी कोल्हापुरातही वाचली गेली असेल.

माझं मत सांगून टाकतो. नोकरी देणं चुकीचं नव्हतं. आपल्याला खेळाडूचा सन्मान म्हणजे पद, शाल आणि चौकातला फलक एवढंच सुचतं, दोष तिथं आहे. त्याला आणखी आठ-दहा वर्षं पोहायचं आहे, हे त्या सन्मानाच्या हिशेबात धरलेलंच नसतं. आपल्या मनात त्याचं पोहून झालेलं असतं. वीस वर्षांच्या माणसाला आपण निवृत्तीचं बक्षीस देतो आणि वर म्हणतो, आता पुढं काय?

ही खोड जुनी आहे. १९५२ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे ते पोलिसात उपनिरीक्षक झाले आणि वर्षानुवर्षं त्याच हुद्द्यावर राहिले. १९८४ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. त्याच हेलसिंकीला बंगालची आरती साहा पोहायला गेली होती, वय अकरा. अकराव्या वर्षी ऑलिंपिक, एकोणिसाव्या वर्षी, १९५९मध्ये, इंग्लिश खाडी, पुढच्या वर्षी पद्मश्री. ५३व्या वर्षी, १९९४ला ती वारली, तेव्हा तिच्या नावाला खाडीच्या पुढचं काही जोडलेलं बहुतेकांना आठवत नव्हतं.

आणि मुरलीकांत पेटकर. हे इस्लामपूरकडचे. लष्करात गेले, मुष्टियुद्ध खेळले, १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं. उपचारासाठी पाण्यात उतरवलं ते पोहतच राहिले. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकला ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम. मग पुण्यात टेल्कोत नोकरी, संसार, आणि लांबलचक शांतता. पद्मश्री आली २०१८ला. सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ला त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला, त्यानंतर जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार, आणि लोक म्हणाले, अरे, हे आपल्या सांगलीचे! वीरधवलकडे कौतुक फार लवकर आलं, पेटकरांकडे फार उशिरा. दोघांच्याही बाबतीत एक सारखं आहे: कौतुक करणाऱ्यांचं घड्याळ पोहणाऱ्याच्या घड्याळाशी जुळलेलं नव्हतं.

पेटकरांच्या त्या मधल्या वर्षांजवळ थोडं बसा. रोज सकाळी कामावर जाणारा, चाकांच्या खुर्चीतला एक माणूस. शेजारच्या टेबलावरच्याला ठाऊक असेल किंवा नसेल. घरात एक पदक. ते पदक त्यांनी रोज बघितलं असेल, की ठेवून दिलं असेल? तुम्ही काय केलं असतं?

आता पुन्हा पाण्याकडे.

वीरधवल परतला. नोकरीतून रजा काढून तो बंगळूरला जुने प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे गेला आणि परत काळ्या रेघेकडे बघायला लागला. पंचविशी ओलांडलेली, शेजारच्या रांगांत सोळा-सतराची पोरं. हे चित्र सावकाश बघण्यासारखं आहे. ज्या वयात आपलं नाव झालं होतं, त्या वयाची मुलं आपल्या पुढे भिंतीला हात लावतायत. त्यांच्यातल्या काहींनी शाळेत आपल्याच बातम्या वाचलेल्या असणार. अशा ठिकाणी मान खाली घालून पहाटे पाचला पुन्हा पाण्यात उतरायला काय लागतं? जिद्द हा शब्द मला इथं फार गुळगुळीत वाटतो. मला वाटतं, बेचाळिसाव्या क्रमांकाची ओळख लागते. ज्यानं पहिलेपणाबरोबर तोही आकडा जपून ठेवला असेल, त्यालाच हे जमत असावं.

ऑगस्ट २०१८, जकार्ता, आशियाई स्पर्धा. ५० मीटर फ्रीस्टाइल. सकाळच्या हीटमध्ये २२.४३ सेकंद, स्वतःचाच जुना राष्ट्रीय विक्रम मोडून. मालवणच्या टेबलावरून उठलेला, सत्ताविसाव्या वाढदिवसाला काहीच दिवस उरलेले असा हा माणूस, प्रसिद्ध असताना जितक्या वेगानं पोहला होता त्याहून वेगानं पोहला. संध्याकाळी अंतिम शर्यत. २२.४७. जपानचा शुनिची नाकाओ, २२.४६. कांस्य नाकाओला, वीरधवल चौथा.

एक शतांश. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितला होता तो. सकाळी पोहला तसाच संध्याकाळी पोहला असता तर पदक होतं, हे तुमच्या मनात आलंच असेल. येऊ द्या. ढकलू नका. पण तिथंच अडकूही नका. तो शतांश हातात घेऊन बघा केवढा आहे ते. त्या वेगात माणूस सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एका शतांशात सव्वादोन सेंटिमीटर. स्वतःच्या तर्जनीकडे बघा. टोकाचं पेर साधारण तेवढंच असतं.

आणि आता नियमांच्या पुस्तकातली एक बारीक गोष्ट, मला फार आवडणारी. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बरीच वर्षं पन्नास मीटरच्या तलावाची प्रत्येक रांग पन्नास मीटरपेक्षा तसूभरही कमी असून चालत नसे, पण तीन सेंटिमीटरपर्यंत जास्त असली तर चालत असे. बांधकाम आहे, फरशी आहे, एवढं इकडेतिकडे होणारच. म्हणजे दोन शेजारच्या रांगांत, नियमात बसून, त्या पेराएवढा फरक असू शकत होता. जकार्ताच्या तलावात तसा तो होता असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधार नाही. पण भिंत बांधणाऱ्याला जेवढी चूक माफ होती, तेवढ्यात पोहणाऱ्याचं पदक मावत होतं. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकला ४०० मीटर मिडलेमध्ये स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी शतांशापर्यंत बरोबरीत आले, तेव्हा हजारावा भाग काढून लार्सनला सुवर्ण दिलं. फरक दोन सहस्रांश. पेटकर हायडेलबर्गला जिंकले त्याच उन्हाळ्यातली, त्याच देशातली ही गोष्ट. त्यानंतर नियमच बदलला. शतांशाच्या खाली मोजायचं नाही, तिथं बरोबरी आली तर दोघांनाही पदक. घड्याळ याहून बारीक मोजू शकत होतं. माणसांनी ठरवलं की इतक्या बारीक मोजण्याला अर्थ नाही, कारण भिंतीच तितक्या खऱ्या नाहीत.

यावर हवा तेवढा वेळ बसा. तुम्हाला आयुष्यात कुणीतरी कधीतरी शतांशानं मागे ठेवलं असेल. अर्ध्या मार्कानं गेलेला प्रवेश, एका मतानं गेलेली निवड. तो फरक आठवा, आणि मग ज्या भिंतींच्या मधे तो मोजला गेला, त्या भिंती किती सरळ होत्या तेही आठवा.

इथं रत्नागिरीच्या वाड्यांमध्ये मुलं अजून विहिरीत पोहायला शिकतात. कमरेला दोर, पाठीला रिकामा डबा, आणि वर कठड्यावर दोर धरून बसलेला काका. पहिले काही दिवस पोर पाण्यापेक्षा काकाच्या हाताकडेच बघत असतं. मग एक दिवस काका दोर सैल सोडतो, पोराला कळतही नाही, आणि ते समोरच्या दगडी पायरीपर्यंत जाऊन पोहोचतं. सगळे ओरडतात. पोर वर येतं, थरथरत, ओठ निळे, आणि सांगितल्याशिवाय पुन्हा मुटका मारायला धावतं. त्याला या क्षणी नुसतं परत पाण्यात जायचं आहे. ज्याला पोहणं मनापासून आवडतं, त्याचं नाव पेपरात येण्याआधीचं रूप हे असं असतं. आपण टॉवेल घेऊन पुढं होतो, म्हणतो बस झालं आता, सर्दी होईल, चल, आजीला सांगू तुला पोहायला येतं म्हणून.

वीरधवलची गोष्ट जकार्ताला संपली नाही. मार्च २०२०मध्ये तलाव बंद झाले. मैदानं हळूहळू उघडली, धावणारे धावायला लागले, तलाव तसेच. जूनमध्ये त्यानं जाहीरपणे म्हटलं की असंच चाललं तर निवृत्तीचा विचार करावा लागेल. या वेळी त्याच्या आणि पाण्याच्या मधे टेबल नव्हतं, कुलूप होतं. तलाव उघडल्यावर तो पुन्हा उतरला.

नोव्हेंबर २०२३. गोव्यात ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा होत्या. जलतरण पणजीला, कांपालच्या तलावावर. वीरधवल बत्तीस वर्षांचा, बीजिंगला पंधरा वर्षं झालेली. महाराष्ट्राकडून तो ५० मीटर फ्रीस्टाइलला उतरला, पहिला आला आणि निवृत्ती जाहीर केली. बेचाळिसावा क्रमांक नव्हता, कुणी शाल घालून थांबवलंही नव्हतं. महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णही महाराष्ट्रालाच मिळालं, ऋजुता खाडेला. ती त्याची पत्नी. अभिनंदन करायला आलेल्यांनी आधी कुणाचा हात धरायचा, एवढाच काय तो प्रश्न उरला असेल.